बँडची पत काय?

दुसऱ्याचं पार्सल फोडणाऱ्याला चोर म्हणता येतं. पण त्याच पार्सलची कस्टम ड्युटी त्याने स्वतःच्या खिशातून भरलेली असली, की त्याला काहीच म्हणता येत नाही. मी ऑफिसात, पार्सलवाला दारात, ड्युटी भरली समोरच्या काकांनी. आणि "आत फुटलंबिटलं नाही ना, बघावं म्हटलं," म्हणून उघडलंही त्यांनीच.

आत रेकॉर्ड होती. ग्लासगोच्या 'बेल अँड सेबॅस्टियन' या बँडचा पहिला अल्बम, 'टायगरमिल्क'. कव्हरवर टबात बसलेली एक बाई खेळण्यातल्या वाघाला पाजतेय. काकांनी ती बाई तातडीने वर्तमानपत्रात गुंडाळली आणि वर चिकटपट्टी मारली. पट्टीचं एक टोक थेट कव्हरवर. मी ती नखाने अलगद सोडवायला गेलो तर कोपऱ्याचा कागदच सोलून आला.

"बस," काका म्हणाले.

काका एका सहकारी बँकेच्या कर्जविभागातून निवृत्त झालेत. त्यांच्यासमोर खुर्चीत बसलेला प्रत्येक माणूस अर्जदार असतो.

"कोण हे लोक?"

"बँड आहे काका. गिटारवाला."

"स्थापना?"

"१९९६."

"भांडवल?"

"कॉलेजचं. ग्लासगोच्या स्टो कॉलेजात संगीताच्या धंद्याचा कोर्स होता. तिथली मुलं दरवर्षी एखाद्या बँडची छोटी रेकॉर्ड काढायची. यांची गाणी एवढी आवडली की अख्खा अल्बमच काढला. तीन दिवसांत रेकॉर्डिंग उरकलं."

"प्रती?"

"एक हजार."

"उठाव?"

"जोरात. पुढे जुनी प्रत शेकडो पौंडांना जायला लागली."

काका खुर्चीत पुढे सरकले. "मग दुसरी आवृत्ती लगेच काढली असेल."

"काढली ना. १९९९ मध्ये."

काकांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसावा तसा लेंग्याला पुसला आणि पुन्हा चढवला. "गिऱ्हाईक दारात उभं आणि हे तीन वर्षं दुकान बंद करून बसले? मुख्य माणूस कोण यांच्यात?"

"स्टुअर्ट मर्डॉक. गाणी तो लिहितो. त्याआधी बरीच वर्षं आजारी होता. क्रॉनिक फटीग. अंगात त्राणच नसायचं. त्या काळात गाणी लिहायला लागला."

"आजारपण सोड. उत्पन्नाचं साधन?"

"चर्चच्या हॉलवरच्या खोलीत राहायचा. तिथली देखभाल करायचा."

"वॉचमन."

"केअरटेकर, काका."

"तेच ते. बँड चालायला लागल्यावर सोडली असेल नोकरी."

"नाही. २००३ पर्यंत होता."

काका पहिल्यांदाच हसले. "हा एकटा शहाणा दिसतोय. पगार चालू ठेवून धंदा!"

आतून काकूंनी चहा पाठवला, म्हणजे सुटका आणखी लांबली. पुरस्कारांची चौकशी झाली. मी सांगितलं, १९९९ साली ब्रिट पुरस्कार मिळाला, सर्वोत्कृष्ट नवोदित म्हणून.

"तेव्हा अल्बम किती झाले होते?"

"तीन."

"तीन अल्बम झाल्यावर नवोदित?"

लोकांच्या मतांवर निकाल होता. समोर 'स्टेप्स'सारखे घसघशीत खपाचे ग्रुप. हे जिंकले, आणि 'स्टेप्स'च्या मागे उभा असलेला पीट वॉटरमन हा बडा निर्माता मतदानात गडबड झाल्याची तक्रार करत सुटला. बरीच मतं विद्यापीठांतल्या कॉम्प्युटरवरून आल्याचं निघालं. हे ऐकून काका जे उसळले ते थेट सोसायटीच्या गेल्या निवडणुकीवर जाऊन पडले. बी विंगच्या प्रॉक्सी, बंगलोरला राहणाऱ्या मुलाची सही, पार्किंगचं आमिष. माझा चहा संपून कपाला साय धरली तरी बी विंग संपेना. वॉटरमनला या जगात इतका कळवळ्याचा माणूस दुसरा मिळाला नसता.

या सगळ्यात एक प्रश्न त्यांनी विचारला नाही. गाणी कशी आहेत? तो कुणीच विचारत नाही. ऑफिसातल्यांनी कधी विचारला नाही, घरच्यांनी नाही. शेजारच्या खोलीत तान्हं मूल झोपलंय अशा बेताने गाणारा आवाज, त्याच्या मागे साधी गिटार, आणि मध्येच कुठूनतरी उगवणारी ट्रम्पेट. ते ऐकून मला काय होतं हे सांगायला मी आयुष्यभर तयार बसलोय. आणि लोकांना हवा असतो आकडा. बरं, आकडाच घ्या. यांचं सगळं हजार प्रतींवर उभं राहिलं. आज एका बड्या स्ट्रीमिंग कंपनीचा २०२४ पासूनचा नियम असा, की गाणं वर्षभरात हजारदा वाजलं नाही तर त्याची दमडी मिळत नाही. गिटार घेऊन बसलेल्या एखाद्या पोराने तो हजार गाठायचा कसा? मावशीच्या मोबाईलवर रात्रभर गाणं लावून ठेवायचं? त्यात पोराकडे चर्चचा हॉलही नाही. हे मी काकांना बोललो. ते म्हणाले, "किमान शिल्लक. बँकेतही असते."

विषय बदलावा म्हणून मी त्यांना २०१७ चा किस्सा सांगितला. अमेरिकेच्या दौऱ्यात नॉर्थ डाकोटातल्या मायनॉट गावी रात्री बस थांबली आणि ड्रमर रिचर्ड कोलबर्न पायजम्यावर वॉलमार्टमध्ये शिरला. बस त्याला तिथेच सोडून सेंट पॉलच्या दिशेने निघून गेली. त्याच्याजवळ फोनही नव्हता. शेवटी मर्डॉकने ट्विटरवर मदत मागितली आणि गडी विमानाने पोचला.

"हजेरी कोण घेतं यांच्यात?" काका गरजले. मग अष्टविनायकाच्या ट्रिपमध्ये त्यांचा साडू रांजणगावला राहिला होता ते झालं. साडूने पुढे दोन वर्षं बोलणं टाकलं होतं. हे सांगताना काका इतके खुलले की मला वाटलं, बँडला आता कर्ज मंजूर.

ड्युटीचे पैसे मी जीपे करतो म्हणालो. नको, कॅशच दे. सुट्टेच दे. नोटा दोनदा मोजून खिशात घातल्यावर त्यांनी विचारलं, "हे लोक अजून वाजवतात?"

"वाजवतात."

"गणपतीत बोलवायचे तर काय घेतील?"

मी नुसताच बघत राहिलो.

"आपलं बजेट अकरा हजार आहे," काका म्हणाले. "ड्रमवाला विसरून आले तर नऊ."