फाकारावाच्या सहलीवरील आपल्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार.

फ्रेंच पॉलिनेशियातल्या फाकारावा या प्रवाळबेटावरच्या रोतोआवा गावातला दुसरा मुक्काम ऐनवेळी रद्द झाला, मोत्यांची शेती पाहायची राहून गेली, त्याऐवजी होडी जिथे नेली त्या हिरिफाला नांगर तीनदा टाकावा लागला आणि रात्रभर डेकवर पावले वाजत राहिल्याने आपल्या आईंचा डोळा लागला नाही, अशी आपली तक्रार आहे. हे सारे खरे आहे. मात्र आमचा कप्तान नवशिका होता, हे मला मान्य नाही.

त्या सकाळच्या अंदाजानुसार संध्याकाळपासून आग्नेयेचा वारा जोर धरणार होता. तिकडे त्याला माराआमू म्हणतात. फाकारावाचे लगून, म्हणजे प्रवाळाच्या कड्याने वेढलेले आतले पाणी, सुमारे 60 किमी लांब असून रोतोआवा त्याच्या ईशान्य टोकाला आहे, त्यामुळे हा वारा सुटला की लगूनच्या आतल्या आतच लाटा वाढत जाऊन गावासमोरच्या होड्यांवर येतात. हिरिफा आग्नेय कोपऱ्यात आहे आणि तिथे माडांची पट्टी वारा अडवते. पाण्याखालचे प्रवाळाचे खडक ओळखायला ऊन डोक्यावर असावे लागते, अंधारात जागा बदलता येत नाही. म्हणूनच न्याहारी अर्धवट टाकून निघावे लागले.

पहिल्या दोन्ही वेळी नांगर खडकाच्या फार जवळ पडला होता. तिसऱ्या वेळी कप्तान स्वतः मास्क लावून पाण्यात उतरला आणि नांगराचे टोक वाळूत पुरते रुतल्याचे पाहूनच वर आला. साखळीला बांधलेल्या ज्या गोळ्यांना आपण ‘भंगार’ म्हटले आहे, ते मोतीशेतीत वापरले जाणारे तरंगते गोळे आहेत आणि ते साखळी तळापासून उचलून धरतात. ते नसले तर वारा फिरताना साखळी खडकाला वेढा घालते, आखूड होते आणि प्रत्येक लाटेचा हिसका थेट होडीच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, बसतो. शिवाय वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर वाढणारे प्रवाळ तुटते, ते वेगळेच.

पण हे सगळे निघण्यापूर्वी आपल्याला नीट बसून सांगायला हवे होते. ‘हवामान बिघडतेय’ एवढ्यावर आपली बोळवण झाली आणि नांगर सरकत नाही ना, हे पाहायला रात्रभर पहारा असतो, हे आईंना कोणी सांगितलेच नाही. परक्या पाण्यात डोक्यावर पावले वाजली की कोणीही धास्तावेल. त्यांची मी मनापासून माफी मागतो. मोतीशेतीच्या भेटीचे पैसे आम्ही परत करत आहोत. यापुढे पहिल्याच संध्याकाळी नकाशा समोर ठेवून पर्यायी मुक्काम समजावून सांगू आणि पहाऱ्याच्या वेळा केबिनमध्ये लावू. तशीच हवा पुन्हा आली, तर होडी मात्र हिरिफालाच नेऊ.