बूटलेगवाल्यांची बाजू घेतोय, शिव्या घाला

बूटलेग, म्हणजे परवानगीशिवाय काढलेली चोरटी रेकॉर्ड्स, म्हटलं की ग्रुपमधली अर्धी मंडळी लगेच नीतिमत्तेवर येतात. चोरी ती चोरी, कलाकाराच्या पोटावर पाय वगैरे. सुरुवातीच्या रॉक अँड रोलपुरतं तरी मला हे पटत नाही.

एल्व्हिसचं 'ब्लू मून ऑफ केंटकी' घ्या. जुलै 1954, मेम्फिस, सॅम फिलिप्सचा सन स्टुडिओ. ड्रम्स नाहीत. एल्व्हिस, स्कॉटी मूरची गिटार आणि बिल ब्लॅकचा उभा बास, बस्स. रेकॉर्डवरचं गाणं सुसाट सुटतं. पण त्याआधीचा एक टेक, म्हणजे त्याच गाण्याचं आधीचं ध्वनिमुद्रण, आहे, संथ, चाचपडत गायलेला. बिल मनरोच्या मूळ गाण्याचा तीन मात्रांचा वॉल्ट्झ ठेका मोडलाय, नवा वेग मात्र अजून हाताला लागलेला नाही. टेक संपतो आणि फिलिप्सचा खूश आवाज येतो: हे वेगळंच झालं की, आता जवळजवळ पॉप गाणंच झालं! एक गाणं आपल्या कानांदेखत कात टाकतंय.

हा टेक लोकांनी ऐकला तो 70च्या दशकात, हॉलंडच्या बॉपकॅट या बूटलेग कंपनीच्या चोरट्या एलपीवर. 1955 साली 35,000 डॉलर मोजून एल्व्हिसला फिलिप्सच्या सन कंपनीकडून उचलणाऱ्या आरसीए या बड्या रेकॉर्ड कंपनीला तो काढायला 80चं दशक उजाडलं. त्याच एलपीवर 'ग्रेट बॉल्स ऑफ फायर'च्या वेळचं भांडणही आहे. हे सैतानाचं संगीत म्हणून सनचाच गायक जेरी ली लुईस फिलिप्सशी हुज्जत घालतोय! कुठली कंपनी हे आपणहून छापणार होती?

त्याच काळातला गायक बडी हॉली, त्याच्या बाबतीत तर कंपनीचाच माल भेसळीचा. 3 फेब्रुवारी 1959ला तो विमान अपघातात गेला. त्याच्या आधीच्या आठवड्यांत न्यूयॉर्कच्या घरी एकट्याने गिटार घेऊन गाणी टेप केली होती. मागाहून कंपनीने त्यांवर ड्रम्स, कोरस, काय काय चढवलं. 'क्राइंग, वेटिंग, होपिंग'मध्ये तो एकेका शब्दानंतर जागा सोडतो. अधिकृत रेकॉर्डवर त्या जागा कोरसने बुजवून टाकल्यात. मूळ टेप वर्षानुवर्षं बूटलेगवरच फिरल्या, एकत्र नीट निघाल्या 2009मध्ये.

राहिला कलाकाराच्या पैशांचा मुद्दा. एल्व्हिसचं पहिलं रेकॉर्ड 'दॅट्स ऑल राइट' मूळ ब्लूज गायक आर्थर क्रूडपचं. 1974मध्ये तो वारला तोवर हक्काची पूर्ण रॉयल्टी त्याच्या हाती पडली नव्हती. ती काही बूटलेगवाल्यांनी खाल्ली नव्हती, सगळा व्यवहार रीतसर कागदोपत्री होता.

आता तेच तेच टेक नव्या कव्हरात घालून, वर मोनो रेकॉर्डिंगचा खोटा स्टिरिओ करून 'दुर्मीळ' म्हणून विकणारे आहेत, त्यांचं वकीलपत्र मी घेतलेलं नाही. एल्व्हिसच्या सन काळासाठी तर त्यांच्याकडे जायचं कारणच उरलं नाही. 'अ बॉय फ्रॉम तुपेलो'चा 2017चा तीन सीडींचा संच घ्या, फिलिप्सच्या बडबडीसकट सगळं आहे त्यात.