‘तोंडाला आवर घाला’ म्हणणाऱ्या वाचकांस

गाऊट, म्हणजे रक्तातलं युरिक ॲसिड वाढून सांधे सुजवणारा संधिवात, त्यावरच्या माझ्या लेखाखाली एका वाचकांनी लिहिलंय: “डॉक्टर नसताना लोकांना डाळ-पालक खायला सांगता, वर जन्मभर गोळ्या घ्या म्हणता. त्या गोळ्यांनी किडनी जाते. दारूवर दोन ओळींत उरकलंत. माझ्या भावाचं युरिक ॲसिड नॉर्मल असताना त्याला गाऊट सांगितला, सगळा धंदा आहे. तोंडाला आवर असणाऱ्याला हा रोग होतच नाही.”

दारूचं मान्य. बिअर गाऊटला सगळ्यात वाईट, हे ठळक लिहायला हवं होतं.

पण ते शेवटचं वाक्य! मतभेद असू दे, त्याला माझी ना नाही. आजारी माणसाला असं तोडून बोलायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? हा सूर माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. माझे वडील खानापूर तालुक्यात प्राथमिक शाळेत मास्तर होते. गळ्यात तुळशीची माळ, आमच्या चुलीवर मटण कधी चढलं नाही. गावजत्रेला अख्ख्या गल्लीत रस्सा उकळायचा तेव्हाही आमच्याकडे वरण-भातच. त्यांच्या डाव्या पायाचा अंगठा रात्रीतून लालभडक सुजायचा. चादरीचं टोक लागलं तरी कळवळायचे. शाळा चुकवायची नाही म्हणून चपलेचा अंगठा ब्लेडने कापून टाकला होता, तसेच पाय ओढत जायचे. पुढे कोपरावर गाठ आली. ती फुटली तेव्हा आतून पांढरा लगदा आला, पाण्यात भिजलेल्या खडूसारखा.

आणि कट्ट्यावर चर्चा काय? “मास्तर बेळगावला मीटिंगला जातात ते तिकडं गुपचूप खातात-पितात.” माळकरी माणसाला हे ऐकावं लागलं. त्यांनी भजनाला जाणं सोडलं. दुखणं लपवायला लागले, दुकानातून पेनकिलर आणून गिळायला लागले. त्या पेनकिलरनी क्रिएटिनिन वाढवलं, म्हणजे किडनीचं काम मंदावलं. किडनीची काळजी तुम्हाला आहे ना, मग ती इथे करा.

शरीरातलं जवळपास दोन तृतीयांश युरिक ॲसिड आपल्याच पेशींच्या मोडतोडीतून तयार होतं, ताटातून येतं ते उरलेलं. बहुतेक गाऊटवाल्यांची अडचण ही, की किडनी ते पुरेसं बाहेर टाकत नाही, आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा. रक्तात ते डेसिलिटरमागे 6.8 मिलिग्रॅमच्या वर राहिलं की सांध्यात त्याचे सुईसारखे स्फटिक जमतात. कडक पथ्य पाळून पातळी साधारण 1 मिलिग्रॅमने उतरते. वडिलांची 9 च्या पुढे होती. उतरून किती उतरणार? उपचारात ती 6 च्या खाली आणून तिथेच ठेवावी लागते, तेव्हा कुठे जुने स्फटिक हळूहळू विरघळतात.

पथ्य नको असं मी कुठेच म्हटलेलं नाही. कलेजी, गुर्दा, सुकी मासळी, कोळंबी कमी करा, हे मूळ लेखात आहे. डाळ-पालकाचं म्हणाल तर 2004 साली अमेरिकेतल्या 47 हजारांवर पुरुषांचा 12 वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मांस आणि मासळीने गाऊटचा धोका वाढलेला दिसला, प्युरिन (ज्यातून युरिक ॲसिड बनतं तो घटक) असलेल्या भाज्यांनी नाही. उलट आमच्या चिकोडी-संकेश्वरच्या ऊसपट्ट्यात ज्याच्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही, ते म्हणजे गूळ. त्यातल्या साखरेचा निम्मा भाग फ्रुक्टोज, आणि ते लिव्हरमध्ये मोडताना युरिक ॲसिड वाढतं. गुऱ्हाळं सुरू झाली की वडील रोज भाकरीबरोबर काकवी घ्यायचे. त्यांच्या ताटात चोरून खाल्लेलं मटण शोधणाऱ्या एकालाही ती काकवी दिसली नाही.

युरिक ॲसिड उतरवणाऱ्या ॲलोप्युरिनॉलच्या गोळीने किडनी जाते, ही ऐकीव गोष्ट आहे, तिच्यावर मी वेळ घालवणार नाही. 100 मिलिग्रॅम किंवा त्याहून कमीपासून सुरू करून रक्त तपासत डोस वाढवतात. सुरुवातीचे काही महिने दुखणं उलट उसळू शकतं, म्हणून सोबत ते आवरायला कोल्चिसिन हे औषध देतात. पुष्कळ जण नेमकं तेव्हाच घाबरून गोळी सोडतात. अंगावर पुरळ उठलं तर मात्र गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. मी डॉक्टर नाही, हे लेखाच्या पहिल्याच ओळीत आहे. वाचायची तसदी घेतली असती तर दिसलं असतं.

राहिला तुमचा भाऊ. त्याचं रक्त ऐन दुखण्यात काढलं होतं का? त्या वेळी पातळी उतरून नॉर्मल दिसू शकते. दुखणं शमल्यावर दोन-चार आठवड्यांनी पुन्हा तपासा. शंका उरलीच तर सांध्यातलं पाणी काढून सूक्ष्मदर्शकाखाली स्फटिक बघता येतात. बीपीची पाणी काढणारी गोळी चालू असेल तर तीही डॉक्टरांना दाखवा, त्यानेही युरिक ॲसिड वाढतं. आणि तोवर त्याच्या खाण्यावरून त्याला बोलू नका.