नेसायला की द्यायला?

गुडघा बदलल्यावर डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावल्या. रोज चाला, आणि पायात अडकेल असं काही घालू नका. दुसरी गोष्ट थेट साडीलाच उद्देशून होती. पाचवारी म्हणायचं, पण दुकानात मिळते ती साडेपाच मीटरची, म्हणजे मोजून सहा वार. त्यातला निदान एक वार रोज माझ्या पायात येतो. तेव्हा वयाच्या ६४व्या वर्षी मी ठरवलं, रोजच्याला तीन ड्रेस घ्यायचे. सुती हवेत, बाही कोपरापर्यंत हवी आणि खिसा हवा. सकाळी ‘चार भिंती’च्या टेकडीकडे फिरायला जाताना किल्ली, मोबाईल आणि कोथिंबिरीचे २० रुपये मुठीत धरून चढ चढवत नाही.

साताऱ्यात कपड्यांना काय तोटा! मोती चौकातून खण आळीत शिरावं, आळीच्या नावातच चोळीचा खण आहे. पहिल्या दुकानाची पायरी मी एक पाय, मग त्याच्याशेजारी दुसरा पाय, अशी चढत होते, तोच गादीवरून आवाज आला, "या काकू! नेसायला की द्यायला?"

साठीपुढच्या बाईला एवढेच दोन पर्याय. नेसायची म्हणजे पुतणीच्या लग्नात मिरवायची. द्यायची म्हणजे त्याच लग्नात विहिणीच्या मावसबहिणीला हळदीकुंकू लावून तिच्या हातात ठेवायची. घरात बसून लसूण सोलताना अंगावर असेल, असा कपडा त्याच्या हिशेबातच नव्हता. आणि त्याचं तरी काय चुकलं? साठीनंतर आम्ही कपडे विकत घेतो कुठे, ते आमच्या अंगावर येऊन पडतात. लग्न, मुंज, वास्तुशांत, कुणाची तरी पंचाहत्तरी. माझ्या कपाटात अशा ३१ साड्या आहेत. एकही घाम टिपेल तर शपथ, आणि नेसून गॅसजवळ उभं राहायचं म्हणजे सीतामाईचंच धैर्य पाहिजे. त्यांना फॉल कुणी लावत नाही. फॉल लावला की साडी आपल्याच गळ्यात पडली. बिनफॉलची असली की पुढच्या कार्यात पुढे सरकते. एक मोरपंखी साडी तर तीन घरं फिरून माझ्याकडे परत आली. पदराच्या कोपऱ्यावरचा चहाचा ठिपका माझाच होता, म्हणून ओळखली.

"घरात घालायला ड्रेस हवाय," मी म्हटलं.

"ड्रेस होय? वरच्या मजल्यावर, आजी."

दारापासून गादीपर्यंत मी काकूची आजी झाले होते. जिन्याला १६ पायऱ्या आणि धरायला एक दोरी.

वरच्या मुलीनं मोबाईलमधून मान वर केली. "नातीचं वय काय?"

"मलाच हवाय."

तिनं मला टेपाशिवाय मापलं आणि तीन कुर्ते पुढ्यात टाकले. एक राखाडी, एक बदामी आणि एक चहात बुडवून विसरलेल्या खारीच्या रंगाचा. "तुमच्या वयाला शोभतील." पिवळा नाही का विचारलं, तर पिवळा होता, पण त्याला दोन्ही खांद्यांवर भोकं. फॅशन म्हणे. आमच्या आईला असं भोक दिसलं असतं, तर तिनं रात्री जागून रफू केलं असतं. खिसा एकालाही नव्हता. "खिशात काय ठेवणार ओ?" असं तिनं इतक्या आश्चर्यानं विचारलं, की क्षणभर मलाच काही आठवेना.

शेवटी एक जांभळा घेऊन ट्रायल रूममध्ये गेले. ट्रायल रूम म्हणजे खांबामागची अडगळ आणि गुडघ्यापर्यंतचा पडदा. बसायला स्टूल नाही. भिंतीला खिळा एकच, त्यावर कुणाचा तरी जेवणाचा डबा टांगलेला. लेबलवर फ्री साईज लिहिलं होतं. डोकं गेलं, डावा हात गेला, उजवा हात वर गेला आणि वरच राहिला. माझा हा खांदा दोन वर्षं आखडलेला आहे, हे मला तिथं आठवलं. चहूकडे जांभळा अंधार, त्याला मेथीच्या भाजीचा वास.

"आजी, फिटिंग कसंय?"

"घट्ट."

"अंगावर सैल होतंय ते!"

तेवढ्यात पडद्यातून एक अनोळखी हात आला, काचेच्या बांगड्यांचा. "श्वास सोडा बाई," हातानं हुकूम केला आणि कुर्ता वर ओढला. टर्र झालं. बाहेर माझ्याच वयाची एक बाई उभी होती. "शिवण उसवलीय, कापड शाबूत आहे," ती कानात कुजबुजली. "मागच्या महिन्यात मीपण ह्यातच अडकले होते."

उसवलेल्या शिवणीची लाज वाटून मी खाली येऊन एक साडी घेतली. द्यायची.

मग बाकीचे उपाय झाले. सुनेनं ऑनलाईन मागवलेला कुर्ता चित्रात पोपटी होता, घरी पोचेपर्यंत शेवाळी झाला. गाऊनचा पर्याय आहेच, पण दूधवाल्यानं बेल वाजवली की त्यावर टॉवेल घ्यावा लागतो, मग गाऊनचा उपयोग काय? शिंपी म्हणाला दसरा होऊ द्या. दसऱ्याला म्हणाला दिवाळी.

पुढे एकदा कोरेगावला बहिणीकडे निघाले होते. एसटीत मार्च २०२३ पासून आम्हा बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे बहिणीची आठवण जरा जास्त येते. खिडकीतून पाहते तर शेतात भांगलणीला बायका बसलेल्या, आणि प्रत्येकीच्या साडीवर नवऱ्याचा फुल शर्ट. सुती. बाही मनगटापर्यंत. छातीवर खिसा, त्यातून मोबाईल डोकावतोय. मी तीन महिने खण आळीत जे शोधत होते, ते सगळं रानात बसून खुरपत होतं.

परत आल्यावर सरळ पुरुषांच्या दुकानात गेले. "४२ साईज, सुती, खिशाचा." पोऱ्यानं दोन मिनिटांत २० शर्ट पसरले. वय विचारलं नाही, वयाला शोभतं का विचारलं नाही.

"काकांना रंग कुठला आवडतो?"

"पिवळा. हापूससारखा."

"हौशी आहेत काका!"

खाली सुती पायजमा, वर शर्ट. बटणं उलट्या बाजूला असल्यामुळे दोन दिवस बोटं अडखळली, मग सरावली. पंधरा दिवस मी खिशात हात घालून साताऱ्याचे चढ चढले.

नोव्हेंबरात हे हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेले. दोरीवरचा पिवळा शर्ट घालून गेले. परत आले ते शीळ घालतच. "अगं, खिशात २० रुपये आणि तुझी कॅल्शियमची गोळी निघाली. पण शर्ट झकास आहे हां. कॅशियर म्हणाली, काका, दाखला कशाला, दिसतंय की!"

आठ दिवस झाले, शर्ट त्यांच्याच अंगावर आहे. काल परत मागितला, तर म्हणाले, "तुझ्याकडे ३१ साड्या आहेत ना?"

३२.