फवारणी पंपाची बॅटरी खेळण्यातल्या टँकला लावणाऱ्यांसाठी

परवा भाचा गोठ्यात आला. "मामा, पंपाची बॅटरी देतं का? टँकले लावाची हाये." हातात रिमोटचा रणगाडा, 1:16 मापाचा, आणि मोबाइलवर गावच्या ग्रुपमध्ये फिरणारा मेसेज: 'खेळण्यातला टँक वावरात पळवा! फवारणी पंपाची 12 व्होल्टची बॅटरी जोडा, गिअरमध्ये इंजिन ऑइल ओता, सांधे फेविक्विकनं बुजवा, लोखंडी पट्टे घाला.' खाली अंगठ्यांची रांग.

बॅटरीचंच आधी. टँकच्या पुस्तिकेत 7.2 व्होल्ट छापलंय, ते कोणी वाचत नाही. धुऱ्याला टेकून टँक अडला की मोटर थांबते, तेव्हा करंट व्होल्टेजच्या प्रमाणात वाढतो आणि उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात. दहावीच्या विज्ञानातला ज्यूलचा नियम. 12 ला 7.2 नं भागा, वर्ग करा: जवळपास पावणेतीन पट. मेसेजवाला याला 'ताकद' म्हणतो. आधी कंट्रोल बोर्ड जळतो, नाहीतर मोटर. शिवाय ती 8 आम्पिअर-अवरची बॅटरी दोन किलोच्या वर. तोफेवर बांधली की पहिल्याच तासात टँक उताणा.

पण माझं डोकं फिरलं ते वेगळ्याच कारणानं. ही बॅटरी पंपाच्या बुडाशी असते, वरून गळणारं औषध तिच्या कवचावर सुकलेलं असतं. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. आणि हे म्हणतात, ती काढून पोराच्या हातात द्या!

इंजिन ऑइल: पातळ, टिकत नाही, वर वावरातली धूळ धरून ठेवतं. आठवड्यात गिअरच्या दातांना पॉलिशपेपर लागल्यासारखं. सिलिकॉन ग्रीस बोटाच्या टोकावर मावेल एवढंच, आणि गिअरबॉक्सच्या फटी बंद. फेविक्विक तर विसराच. ते कडक होऊन तडकतं, आणि पाणी शिरतं ते जिथून ॲक्सल बाहेर येतो तिथून, तिथं डिंक लावला तर चाकच फिरणार नाही.

लोखंडी पट्ट्यांचं, नाइलाजानं मान्य करतो, बरोबर आहे. प्लास्टिकचे पट्टे खड्यांवर तुटतातच. पण पट्टे ओढणारं दातेरी चाक प्लास्टिकचंच ठेवलं तर लोखंड त्याचे दात खाऊन टाकतं. चाक, गिअर, पट्टे, तिन्ही एकदमच बदला. अन् बदलूनही पावसाळ्यात काळ्या मातीत घालू नका. जिथं बंडी अडकते तिथं खेळण्याची काय कथा? ही माती ओली झाली की फुगते, पट्ट्यात भरते आणि वाळली की सिमेंटसारखी बसते.

बॅटरी मी पुन्हा पंपात घातली, पंप फळीवर ठेवला. भाचा फुगून बसला होता. त्याला जुना दातांचा ब्रश दिला. तासभर अंगणात बसून तो पट्ट्यांतली माती काढत होता.