कानशीला कानस

घरी सुरी बनवायचं ठरवल्यावर पहिली आडवी आली ती ऐरण. नव्या ऐरणीचा भाव ऐकून मी दुकानदाराला "बघून सांगतो" म्हणालो. पुण्यात याचा अर्थ दोन्ही बाजूंना कळतो. मग एका जाणकाराने सुचवलं की रुळाचा तुकडा मिळवा, हौशी लोक त्यावरच ठोकतात. सल्ला सोन्यासारखा होता. फक्त रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगण्याविरुद्ध १९६६ सालचा एक अख्खा कायदा आहे, आणि भाजीच्या सुरीपायी जामीनदार शोधायची माझी तयारी नव्हती.

म्हणून ठोकायचंच नाही, नुसतं घासून पातं काढायचं असं ठरलं. त्यासाठी परदेशातले हौशी लोक २ इंच रुंद आणि ७२ इंच लांब पट्ट्याचं ग्राइंडर वापरतात. त्याच्या किमतीत आमच्या सोसायटीतल्या दोन-तीन स्कूटर सहज आल्या असत्या. गरिबाचा मार्ग वेगळा: जुनी, झिजलेली कानस (लोखंड घासायची दातेरी पट्टी) घ्यायची आणि तिचीच सुरी करायची. चांगल्या कानशीत एक टक्क्याच्या वर कार्बन असतो; धार धरायला याहून जास्त काय हवं?

रविवारी जुन्या बाजारात गेलो. जमिनीवर पसरलेल्या पान्यांच्या, नळांच्या आणि एकेकट्या राहिलेल्या बिजागऱ्यांच्या ढिगात मला हवी ती दिसली.

"साहेब, ती नका घेऊ, दात गेलेत तिचे. ही घ्या, चांगली आहे."

"नाही, मला दात गेलेलीच पाहिजे."

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. बोथट कानस मागणारं गिऱ्हाईक त्याच्या आयुष्यात आलं नसावं. पण आलेलं सोडायचं नाही, एवढा धंदा त्याला येत होता. बोथट कानस चांगलीपेक्षा वीस रुपयांनी महाग पडली.

घरी येऊन कोपरा मोडून पाहिला. स्वस्तातल्या काही कानशी नुसत्या वरून कडक असतात, आत मऊ लोखंड. माझी मात्र काचेसारखी तुटली. मी आनंदाने ओरडलो. बायको धावत आली आणि मोडकी वस्तू हातात धरून हसणाऱ्या नवऱ्याकडे पाहून तशीच परत गेली.

आता गंमत अशी, की कडक कानस घासली जात नाही. आधी तिला लाल करून राखेत रात्रभर सावकाश निववायचं, म्हणजे ती मऊ पडते. त्यासाठी भट्टी हवी. ट्रकचा जुना ब्रेक ड्रम यासाठी उत्तम. तो रिक्षातून आणताना रिक्षावाल्याने मीटरवर वीस रुपये जास्त घेतले, "माणसासारखं वजन आहे" म्हणून. कोळसा इस्त्रीवाल्याकडून, भात्याच्या जागी बायकोचा केस वाळवायचा ड्रायर आणि सांडसाच्या जागी स्वयंपाकघरातली सांडशी. (या शेवटच्या दोन वस्तूंची किंमत मी अजून फेडतो आहे.)

मऊ झालेली कानस घासायला अर्थातच नवी कानस लागते. बोहरी आळीत गेलो.

"कुठली देऊ? बास्टर्ड?"

शेजारी उभ्या असलेल्या आजोबांनी चमकून वर पाहिलं. मीही आधी रागावणारच होतो. मग कळलं की ते दातांच्या प्रकाराचं नाव आहे: बास्टर्ड खरखरीत, सेकंड कट मध्यम, स्मूथ बारीक. दहा इंची बास्टर्ड घेतली आणि सलग चार रविवार गच्चीवर कानशीने कानस घासली. पाचव्या रविवारी तिला सुरीचा आकार आला. म्हणजे तसं मी म्हणतो. बायको म्हणाली, "उलथनं का?"

मग पाणी पाजणं, म्हणजे तापलेलं पातं एकदम बुडवून कडक करणं. नाव पाण्याचं असलं तरी मी तेलातच बुडवलं. पाण्यात असं पोलाद तडकायची भीती जास्त. पातं लाल करायचं आणि लोहचुंबक लावत राहायचं. ७७० अंशांच्या आसपास चुंबक चिकटायचा थांबतो. त्याच्या किंचित पुढे गेलं की बुडवायचं. तेल दिवाळीच्या तळणीतलं उरलेलं. पातं आत जाताच चकल्यांच्या वासाचा ढग गच्चीवरून खाली उतरला आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकू ताटली घेऊन वर आल्या.

आता शेवटची परीक्षा. पात्यावर कानस फिरवायची. ती घसरली तर पाणी चढलं. मग लगेच ओव्हनमध्ये २०० अंशांवर दोन तास ठेवायचं, नाहीतर पडलं की तुकडे. मी श्वास रोखून कानस फिरवली. घसरली! काकूंनी टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात मनात पाल चुकचुकली. तीच कानस मी गच्चीच्या कठड्यातून बाहेर आलेल्या गंजक्या सळईवर घासून पाहिली.

तिथेही घसरली.

बोहरी आळीतल्या शेठनी मला लांबूनच ओळखलं. "बास्टर्ड?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली आणि जुनी पिशवीत जपून ठेवली. दुसरी सुरी करायला तिच्यासारखी कानस जुन्या बाजारातही मिळायची नाही.