खुलासा : मुलांची हाडं विरघळत नाहीत
आमच्या नागपूरच्या महाल भागातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : 'जन्मतः 300 हाडं, मोठेपणी 206. उरलेली 94 कॅल्शियमअभावी विरघळतात, मुलांना पावडर सुरू करा.' आकडे ढोबळमानाने बरोबर आहेत, अर्थ साफ चुकीचा. हाडं नाहीशी होत नाहीत, एकमेकांशी जुळतात.

घरात तान्हं बाळ असेल तर आजी टाळू भरते तेव्हा जवळ बसून बघा. तेलाच्या बोटांखाली मऊ जागा लागते, कधी धडधडतानाही दिसते. तिथे कवटीची हाडं अजून भिडलेली नसतात. म्हणूनच जन्मताना डोकं थोडं दबू शकतं आणि पुढे मेंदूला वाढायला वाव मिळतो. बहुतेक बाळांची टाळू दीड-दोन वर्षांत भरून येते. माकडहाडाच्या वरचं त्रिकास्थी तर लहानपणी पाच सुटे मणके असतात, पंचविशीच्या आसपास त्यांचं एकच हाड होतं.

कॅल्शियम हवंच, पण दूध, नाचणी, तिळातूनही ते मिळतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय पावडर देऊ नका.

आणि नागपूरच्या या उन्हात बाळाची टाळू खोल गेलेली दिसली, तर अंगातलं पाणी कमी झालेलं असू शकतं. तेव्हा मात्र थांबू नका, लगेच दवाखान्यात न्या.